सकाळच्या बससाठी दोन शब्द

शुक्रवार, 1 ऑगस्ट 2025

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. मला स्वतःलाच पुढे संदर्भाला लागेल.

आज ग्रामपंचायतीत बैठक झाली. विषय एकच, बस. आमचं गाव म्हसावदपासून आत. सकाळी एकच बस येते आणि ती दहा वाजून गेल्यावर येते. तळोद्याचं कॉलेज त्याच्या आधीच भरतं. म्हणजे आमच्या काजलचा (बी.एस्सी., पहिलं वर्ष) पहिला तास रोज बुडतो, कधी दुसराही. गावातल्या बाकीच्या पोरींचंही तेच. कॉलेजने सांगून टाकलंय की हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही. आमची ही, म्हणजे कोकिळा, म्हणते की पोर एकदा घरी बसली की दुसऱ्या दिवसापासून लोक स्थळं घेऊन दारात. हिचा भाऊ तर आत्ताच एक स्थळ खिशात घेऊन फिरतोय.

पुढच्या महिन्यात म्हसावदला प्रवासी मेळावा आहे. आगारप्रमुख साहेब स्वतः येणार. प्रत्येक गावातून एकाने बोलायचं. सरपंचांनी विचारलं, आपल्याकडून कोण? सगळे खाली बघायला लागले. मी हात वर केला. कोणीच हरकत घेतली नाही. माझ्यावरचा विश्वास बघून भरून आलं. (सरपंच नंतर म्हणाले की दुसरं कोणी नव्हतंच. ते विनोदी स्वभावाचे आहेत.)

घरी सांगितलं. काजल म्हणाली, पप्पा, मी बोलू का तठे? मी म्हटलं, बोल ना, कोणी अडवलंय. मग तिला समजावून सांगितलं की व्यासपीठावर बोलणं ही साधना आहे. तिथे वय लागतं, अनुभव लागतो, आवाज लागतो. हायस्कूलच्या ऑफिसात सीनियर क्लार्क म्हणून अख्खी नोकरी मी नुसते रजेचे अर्ज वाचण्यात घालवलेली नाही. समजावून झालं तेव्हा ती खुर्चीतच झोपलेली होती. दमते बिचारी.

रविवार, 3 ऑगस्ट

तळोद्याला कुंदन सरांचा क्लास लावला. 'आत्मविश्वासाने बोला'. तीन रविवार. सर नाशिकचे आहेत, कोट घालतात. इतक्या उकाड्यात कोट, म्हणजे आत्मविश्वास आहेच.

सरांनी तीन नियम सांगितले. पहिला, आधी समोरच्याचं ऐका. दुसरा, काय पाहिजे ते पहिल्याच वाक्यात सांगा. तिसरा मला ऐकता आला नाही, कारण तेव्हा मी पहिल्या दोन नियमांवर माझे विचार मांडत होतो. सर मध्येच म्हणाले, पाटील साहेब, तुम्हाला ऐकण्यावर बरंच काम करावं लागेल. बाकीच्या कोणाकडेही सरांनी असं व्यक्तिगत लक्ष दिलं नाही.

येताना बसमध्ये शेजारच्या माणसाला सगळा क्लास पुन्हा सांगितला. तो म्हसावदच्या बराच आधी उतरला. तिकीट मात्र त्याने म्हसावदचं काढलं होतं. विसरभोळा असावा.

मंगळवार, 5 ऑगस्ट. सकाळी

ऐकण्याचा सराव. ही ओट्यावर गवार निवडत बोलत होती. मी समोर खुर्ची टाकून बसलो. पाठ ताठ, मान किंचित कललेली, डोळ्यांत डोळे, दर दोन वाक्यांनी 'हं'. हिला इतकं नवल वाटलं की मध्येच थांबून म्हणाली, तुमले बरं नही का?

संध्याकाळी

घरात विनाकारण गोंधळ. हिचा भाऊ दुपारी म्हसावदच्या स्टँडवर उतरला आणि तिथेच बसून राहिला. मी त्याला गाडीवर घ्यायला जाणार असं सकाळी ठरलं होतं म्हणे. ही म्हणाली, मी तुमले दोन डाव सांगं, तुम्हीन दोन्ही डाव मान हालाई.

म्हणजे ऐकण्याची पोझिशन बरोबर होती, हे तिने स्वतःच कबूल केलं. मजकूर पोचला नाही, ही वेगळी बाब. मजकुराचा भाग सर तिसऱ्या रविवारी घेणार आहेत.

रविवार, 10 ऑगस्ट

गळा बसला. तोंडात ज्येष्ठमध. तरी क्लासला गेलो.

सरांनी प्रत्येकाला एक मिनिट बोलायला लावलं, विषय 'माझं गाव'. मला मिनिट पुरलं नाही. उपस्थितांची नावं घेण्यातच गेलं. सर म्हणाले, नावं नकोत, मुद्द्यावर या. सर शहरातले. त्यांना इकडचं काय माहीत? आमच्याकडे भाषणात एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस घरच्या लग्नाला येत नाही. आला तर जेवत नाही. मागे एका सभागृहाच्या उद्घाटनाला माझंच नाव राहिलं होतं. मी अजून त्या बाजूच्या रस्त्याने जात नाही. सांगा, यात चूक कोणाची?

शुक्रवार, 15 ऑगस्ट

हायस्कूलला झेंडावंदन. मुख्याध्यापकांनी मला आभार मानायला सांगितले. आभार म्हणजे शेवटची दोन मिनिटं, असं त्यांचं मत. मी पूर्ण आभार मानले. झेंड्याची दोरी ओवणाऱ्या शिपायापासून रांगोळी काढणाऱ्या मुलींपर्यंत एकालाही सोडलं नाही.

ऊन चांगलं पडलं होतं. थोड्या वेळाने पाचवीतली एक मुलगी हलकेच खाली बसली. मग दुसरी. मग सहावीची ओळच्या ओळ. इतक्या लहान मुलांना भाषण इतकं भिडेल असं मला वाटलं नव्हतं. मुख्याध्यापक स्वतः पाण्याची कळशी घेऊन धावत होते.

काजल गेटजवळ उभी होती. घरी येताना म्हणाली, पप्पा, त्या पोरी चक्कर ईसन पडन्यात. मी म्हटलं, भाषणाचा परिणाम प्रत्येकावर वेगळा होतो.

रविवार, 17 ऑगस्ट

क्लासला गेलो नाही. दोन रविवारांत सगळं आलं. सरांना फोन करून तसं सांगितलं. त्यांनी आग्रह केला नाही.

शुक्रवार, 22 ऑगस्ट

पोळा. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. दुपारी गोठ्यात सराव. श्रोत्यांच्या नजरेला नजर द्या, असं सर म्हणतात. आमच्या दोन्ही बैलांनी शेवटपर्यंत नजर हटवली नाही. मेळाव्यात असे श्रोते मिळाले तर बसचं काय, विमानतळ आणीन गावात.

ही पुरणपोळीचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, आज तरी त्यासले निवांत खाऊ द्या. कलाकाराला घरचेच ओळखत नाहीत.

जाताना हिने असंही सांगितलं की काजलच्या कॉलेजातून पत्र आलंय, हजेरी फार कमी आहे. मी मान डोलावली. माझी तयारी नेमकी त्याचसाठी तर चालली आहे.

रविवार, 31 ऑगस्ट

गल्लीतल्या आप्पांची गंधमुक्ती. दिवसकार्य आटोपून भाऊबंद पुन्हा कपाळाला गंध लावतात तो हा कार्यक्रम. आमच्याकडे त्या दिवशी मांडवात श्रद्धांजलीची भाषणंही होतात. माईक नवलसिंगकडे. नवलसिंग हा पंचक्रोशीचा ठरलेला सूत्रसंचालक. लग्न असो, गंधमुक्ती असो, माईक त्याच्याच हातात. मला द्यायचं तो नेहमी टाळतो. आज मी सरळ काढून घेतला.

कोट घातला होता. सुरुवात प्रसन्न चेहऱ्याने केली, सरांनी शिकवल्याप्रमाणे. आप्पांच्या जीवनाचा आढावा घेतला. शेवटी सवयीने तोंडातून निघून गेलं, आप्पांसाठी एकदा जोरदार टाळ्या! आणि वाजल्या की. सवय लोकांनाही आहेच. दुःखाच्या प्रसंगी टाळ्या घेणारा दुसरा वक्ता तालुक्यात दाखवा. आप्पांचा मोठा मुलगा माझ्याकडे बराच वेळ एकटक बघत होता. नजरेला नजर म्हणतात ती हीच.

मंगळवार, 9 सप्टेंबर

म्हसावदला मदनलालजींच्या कापड दुकानात गेलो. साहेबांच्या सत्कारासाठी शाल आणि टावेल-टोपी घेतली. साधी शाल दाखवली तर मी बाजूला सारली. आगारप्रमुख आहेत, ग्रामसेवक नव्हेत.

मदनलालजींचे आजोबा राजस्थानातून आले. आता शेठजी आमच्याहून चांगली अहिराणी बोलतात. घडी घालता घालता म्हणाले, ज्यासंगे भांडाले चालनात, त्यालेच शाल काबर, नाना? मी म्हटलं, शेठजी, आधी मान, मग मुद्दा. ते म्हणाले की त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आधी काय पाहिजे ते सांगतं आणि मग ते चहा मागवतात. उलटं केलं तर गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जातं.

व्यापारी माणूस. वक्तृत्वाचं अंग नाही.

रविवार, 14 सप्टेंबर

रंगीत तालीम. श्रोते दोन, ही आणि काजल. काजलच्या हातात मोबाइलचं घड्याळ. मेळाव्यात प्रत्येक गावाला तीन मिनिटं आहेत म्हणे. भाषण बावीस मिनिटांचं भरलं. काटछाट करून एकोणीस. भाषणाचा प्रवाह एकदा सुरू झाला की साहेब स्वतःच थांबवू देणार नाहीत, याची मला खात्री आहे.

काजल म्हणाली, पप्पा, पयले बसनं सांगा. साहेब, आमनी बस एक तास आधी सोडा, आमना पयला तास बुडी ऱ्हायना. मी म्हटलं, हे भाषण झालं की निरोप? कोणीही उठेल आणि सांगेल. ती म्हणाली, मंग मी उठू का? मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. ती म्हणाली, पुढच्या वर्षी ती कॉलेजात असेल की नाही तेच माहीत नाही. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. चांगलं लक्षण आहे, विषयाशी ती एकरूप झाली आहे. ते पाणी मी भाषणात वापरणार आहे, सोळाव्या मिनिटाला.

ही म्हणाली, पोरले बोलू द्या. मी ऐकून घेतलं. हल्ली मी सगळ्यांचं ऐकून घेतो.

गुरुवार, 18 सप्टेंबर. मेळावा!

काय दिवस होता! क्रमाने लिहितो.

मंगल कार्यालय भरलेलं. गावोगावचे लोक. स्टेजवर साहेब आणि म्हसावदची व आजूबाजूची सगळी प्रतिष्ठित मंडळी. माईक अर्थात नवलसिंगकडे, शिवाय आज त्याच्या हातात घंटा.

माझ्या आधी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची गजराबाई बोलली. बोलली म्हणजे काय, माईकसमोर येऊन उभी राहिली, साहेबांकडे बघितलं आणि म्हणाली की त्यांच्या पाड्यावर गाडी येत नाही, बाजाराला चालत यावं लागतं, गाडी पाहिजे. आणि जाऊन बसली. ना कोणाचं नाव, ना नमस्कार, ना प्रास्ताविक. लोकांना टाळ्या वाजवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मला तिची कीव आली.

मग माझं नाव पुकारलं. चालत जाताना एक पॉज घेतला. माईकजवळ दुसरा. आधी सत्कार. साहेबांना शाल, टावेल-टोपी, नारळ. टोपी थोडी लहान झाली, साहेबांना ती डोक्यावर हाताने धरून ठेवावी लागली. मग 'विचारमंचावर उपस्थित' अशी सुरुवात केली. एकेक नाव, नावाबरोबर पद, पदाबरोबर थोडं कार्य. प्रत्येक नावाला टाळ्या! अर्धा स्टेज झाला नाही तोच घंटा वाजली. नवलसिंगने लवकर वाजवली, पोटात दुखतं त्याच्या. मी थांबलो नाही. थेट साहेबांकडे वळलो. म्हटलं, आपल्या कारकिर्दीत प्रवाशांना सोन्याचे दिवस आले. आपल्यामुळे खेड्यातला माणूस सुखाने प्रवास करतो. आमचं गाव तर आपल्या सेवेच्या ऋणात आहे. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. निदान स्टेजवरच्या लोकांनी. आता वळण घेणार, 'तथापि' म्हणणार, तेवढ्यात नवलसिंगने माईक बंद केला. मी 'तथापि' म्हटलं, पण ते पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं.

तथापि साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला. म्हणाले, इतके समाधानी प्रवासी मला नोकरीत पहिल्यांदा भेटले. सोबतच्या माणसाला म्हणाले, हे लिहून घ्या.

लिहून घ्या! आता बस कुठे जाते?

काजल शेवटच्या रांगेत होती. माझं झाल्यावर ती उठून माईककडे आली. नवलसिंग म्हणाला, एका गावाला एकच. ती परत शेवटच्या रांगेत जाऊन बसली. मला वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम, आणि एकदा उंची गाठल्यावर पुन्हा त्याच गावाने बोलू नये, हेही खरंच आहे.

शुक्रवार, 19 सप्टेंबर

घरात कोणी बोलत नाही. कालच्या भाषणाचा प्रभाव उतरायला वेळ लागणारच.

रविवार, 21 सप्टेंबर

पेपरात आलं! 'बससेवेबद्दल ग्रामस्थ समाधानी. आगारप्रमुखांचा हृद्य सत्कार'. आमच्या गावाचं नाव ठळक अक्षरांत. फोटोत मी आहे. म्हणजे माझा उजवा हात आहे आणि नारळ. पण हात ओळखू येतो.

म्हसावदहून अंक आणले, नातेवाईकांना द्यायला. काजलने बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, पप्पा, ह्यामा बसनं कोठे शे? मी म्हटलं, बेटा, पेपरवाल्यांकडे जागा कमी असते.

गुरुवार, 25 सप्टेंबर

एक छोटी तांत्रिक अडचण. सकाळची बस बंद झाली.

उशिरा येते असं नव्हे. येतच नाही. सोमवारपासून ती गजराबाईच्या पाड्यावर जाते. आज संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरला मी खडसावून विचारलं. त्याचं म्हणणं, अहवालात लिहिलंय की या गावाची काही तक्रार नाही, म्हणून खालच्या लोकांनी गाडी जिथे तक्रार आहे तिथे दिली. वर मलाच म्हणतो, तुम्हीनच सांगं ना, आमनं बेस चालनं शे म्हनीसन.

म्हणजे साहेबांनी भाषण ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. असा श्रोता मला आजवर मिळाला नव्हता. मधल्या लोकांनी घोळ घातला, त्याला वक्ता काय करणार?

गावाचं म्हणाल तर चावडीसमोर मी गेलो की लोक उठून उभे राहतात. आणि निघून जातात. सरपंच भेटले. विनोद केला नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मी माझ्या एकाही शब्दाबद्दल माफी मागणार नाही. मला सभेत टाळ्या मिळाल्या आहेत, यांना घरातसुद्धा मिळत नाहीत.

सोमवार, 29 सप्टेंबर

ही म्हणाली, शेवटच्या गल्लीतल्या दोन पोरींनी कॉलेज सोडलं. जेवताना म्हणाली. मी ताटातलं तसंच ठेवून उठलो. भूक नव्हती आज, दुपारीच काहीतरी खाल्लं होतं बहुतेक.

घरात नवा निर्णय झाला आहे. आजपासून काजल माझी मोटरसायकल घेऊन कॉलेजला जाते. तिला गाडी येते हेच मला माहीत नव्हतं. म्हणे ऑगस्टभर शिकली, मी गोठ्यात सराव करत होतो तेव्हा, अंगणातच. किक मारल्याचा आवाज मला एकदाही आला नाही. सरावात मी फार एकाग्र असतो.

मी विचारलं, मग मी काय वापरायचं? ही म्हणाली, गाडी आते पोर लई जाई. तुमले कोठे जानं ऱ्हास? मी गोठ्यात जाऊन बैलांना चारा टाकला.

सकाळी काजल निघाली की ही दारात उभी राहते, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. मीही उभा राहतो, पण माझं कारण वेगळं. मला गाडीची काळजी.

सोमवार, 6 ऑक्टोबर

म्हणालो नव्हतो?

आज साहेबांचा फोन आला. स्वतःचा. त्यांची बदली झाली आहे. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आगारात निरोप समारंभ. साहेब म्हणाले, पाटील, माझ्याबद्दल तुमच्यासारखं आजवर कोणी बोललं नाही, तुम्ही यायलाच पाहिजे. प्रमुख वक्ता म्हणून! हा फोन मी ओट्यावर उभं राहून, मोठ्या आवाजात घेतला. गल्लीला ऐकू गेलं पाहिजे.

शेवटी साहेबांनी विचारलं, यायला काही अडचण नाही ना? तुमच्या गावाला सकाळची गाडी आहेच.

मी म्हटलं, आहे ना साहेब, उत्तम सेवा आहे.

फोन ठेवला तर काजल दारात उभी. तिने ऐकलं असावं. माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. मला राग आला. निरोप घेणाऱ्या माणसाला तोंडावर तक्रार सांगायची असते का? एवढं चांगलं बोलावणं आलेलं असताना? जग कसं चालतं हे या पिढीला कळत नाही.

गुरुवार, 9 ऑक्टोबर

भाषण तयार. कोटाला इस्त्री केली.

काजल म्हणाली, पप्पा, सकाय म्हसावदलगून सोडसू, मन्हा मांगे बठा. पुढे दुसरी बस मिळते. मी स्पष्ट नकार दिला. प्रमुख वक्ता पोरीच्या मागे बसून उतरणार? उद्या तीच गोष्ट नवलसिंग माईकवर सांगेल. शिवाय कार्यक्रम आगाराचा आहे. त्यांच्याकडे गाड्यांना काय तोटा? वक्त्यासाठी एक पाठवतीलच. साहेब म्हणालेच की गाडी आहे म्हणून.

ही म्हणाली, हट्ट सोडा. मी ऐकलं. ऐकणं वेगळं आणि मानणं वेगळं.

शुक्रवार, 10 ऑक्टोबर. संध्याकाळी

सकाळी लवकर बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो. कोट, हातात गुलाबाचा हार, खिशात भाषण. काजल गाडीवरून जाताना थांबली. मी हातानेच 'जा' म्हटलं. गेली.

ऊन चढलं. गावातले लोक मोटरसायकलवरून जात होते. कोणी थांबलं नाही. एकाने वेग कमी करून विचारलं, नाना, बस उनी नही का आजून? मी म्हटलं, येईल. तो हसला आणि गेला. मी स्टॉपवरच भाषणाची उजळणी केली. समोर कोणी नव्हतं, तरी नावं सगळी घेतली.

अकरा वाजता साहेबांना फोन लावला. कोणीतरी उचलला. मागून नवलसिंगचा आवाज येत होता, साहेबांच्या कार्याचा आढावा चालला होता. टाळ्या वाजल्या. फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलला नाही.

तरी थांबलो. निघालो असतो तर लोकांनी म्हटलं असतं, नाना परत आला. पाय दुखायला लागले. कोटाच्या आत सगळा भिजलो. भूक लागली. खूप राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते काही केल्या ठरेना. काजल जुलैपासून रोज इथेच उभी राहायची, असं एकदा मनात आलं. पुस्तकं घेऊन, इथेच. मी लगेच दुसऱ्या विषयावर विचार सुरू केला.

दुपार टळली तेव्हा काजल कॉलेजातून परत आली. मला बघून गाडी बंद केली. म्हणाली, पप्पा, सकायपाईन कसानी वाट देखी ऱ्हायनात?

मी म्हटलं, बसनी.

ती म्हणाली, मेळावामा बी इतलंच सांगनं व्हतं.

मग तिने किक मारली. मी हार हँडलला अडकवला आणि तिच्या मागे बसलो. गाडीवर वारा फार होता. वाटेत ती आणखी काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही.